वसंतातलं टॉपवॉटर: पाणी किती तापलं की कोणतं आमिष बाहेर काढायचं

वसंताची चाहूल लागली की बास या गोड्या पाण्यातल्या माशाच्या शिकाऱ्यांच्या डब्यातून टॉपवॉटर, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर चालवायची आमिषं आधी बाहेर येतात, पाणी तयार होतं मागाहून. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. ११ अंश सेल्सिअसच्या पाण्यावर तासभर पॉपर थडथडवायचा, एकही मासा वर आला नाही की आमिषाला शिव्या घालत घरी जायचं. बहुतेक वेळा आमिषात काही खोट नसते. ते चार आठवडे आधी पाण्यात पडलेलं असतं. म्हणून हा आढावा नुसते गुण वाटत नाही. रेबेलचा पॉप-आर, हेडनचा झारा स्पूक, रिव्हरटूसीचा व्हॉपर प्लॉपर, बझबेट, पोकळ बेडूक आणि जोडीला प्रोपेलरवाली आमिषं, यांतलं कोणतं किती तापमानाला पैसे वसूल करतं, त्या क्रमानेच ती पाहू. हिशेब मुख्यतः लार्जमाउथ बासचा आहे. स्मॉलमाउथ आणि स्पॉटेड या बासच्याच दुसऱ्या जाती जिथे वेगळ्या वागतात तिथे तसं सांगितलं आहे.

आधी थर्मामीटर

सर्वांच्या तोंडी असलेला आकडा ६० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण साडेपंधरा सेल्सिअस. आकडा चांगला आहे, पण तो दाराचा उंबरठा आहे, दिव्याचं बटण नव्हे. बासच्या अंगाचं तापमान पाण्याबरोबर वरखाली होतं. १० अंशांना तो खातो, पण तळाजवळ, सावकाश, तोंडाशी आलेलं. दीड-दोन मीटर वर उसळी मारून खाण्यात जेवढी ताकद खर्च होते तेवढी त्या थंडीत त्याला परवडत नाही. १३ अंशांच्या पुढे स्वच्छ पाण्यातले स्मॉलमाउथ आणि स्पॉटेड वर येऊ लागतात, आणि बऱ्याच खोलातून येतात. लार्जमाउथ १५च्या आसपास कुरकुरत येतो, १८ला मनापासून.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पारा कुठून कुठे चाललाय. १२ वरून चढत १४.५ वर आलेलं पाणी हे १९ वरून घसरत १७ वर आलेल्या पाण्यापेक्षा चांगलं. सलग तीन-चार रात्री उबदार गेल्या, वर एक कोमट पाऊस झाला, की त्या संध्याकाळी आमिष बांधावं. उलट थंड वाऱ्याची लाट येऊन गेल्यावर निरभ्र, निळंशार आकाश पडतं. फोटोला सुरेख, टॉपवॉटरला फुकट. अशा वेळी दोन दिवस जिग किंवा जर्कबेट ही पाण्याखालची आमिषं चालवा.

मोजण्यातही गफलत होते. होडीच्या मागे लावलेला सेन्सर वरच्या थराचंच तापमान दाखवतो. वारा पडलेल्या उन्हाच्या दुपारी वरची वीतभर साय दोन-तीन अंशांनी गरम असते आणि खाली पाणी अजून थंडगार. पडद्यावर १७ दिसतं, मासा मात्र १३ मध्ये उभा असतो. साधा थर्मामीटर दोरीला बांधा. एकदा हातभर खोल, एकदा मीटरभर खोल सोडा आणि दर वेळी दोन मिनिटं थांबा. दोन्हींत दीड अंशाहून कमी फरक असेल तर पाणी खरोखर तापलंय. फरक जास्त असेल तर ती नुसती साय आहे.

तळं सगळीकडे सारखं तापत नाही, हे अर्ध्या लोकांच्या लक्षात येत नाही. उत्तर गोलार्धात उत्तरेकडचा काठ आधी तापतो: दक्षिणेचं ऊन त्याला थेट मिळतं आणि उत्तरेचा गार वारा त्याच्यावरून निघून जातो. त्यात तळ काळ्या चिखलाचा, पाणी किंचित गढूळ आणि खोली मीटरच्या आत असेल, तर असा कोपरा मुख्य तळ्यापेक्षा दोन-तीन अंशांनी पुढे असतो. टॉपवॉटरचा मुहूर्त तिथे होतो.

आणि वेळ? टॉपवॉटर म्हटलं की पहाट, हे उन्हाळ्याचं गणित. वसंताच्या सुरुवातीला पहाटेचं पाणी दिवसातलं सर्वांत थंड असतं. दुपारी दोनपासून अंधार पडेपर्यंतचे तास खरे. शॅड माशांची वीण सुरू झाली की हे गणित उलटं फिरतं, त्याबद्दल पुढे.

कॅलेंडर विचाराल तर ते प्रदेशागणिक बदलतं. फ्लोरिडात जानेवारी-फेब्रुवारीतच बास विणीला काठावर असतो, टेक्ससमध्ये साधारण मार्चमध्ये, टेनेसीत एप्रिलमध्ये आणि मिशिगन-न्यूयॉर्ककडे मे उजाडतो, काही ठिकाणी जूनही. त्यामुळे महिन्याचं नाव घेऊन दिलेला सल्ला शेजारच्या राज्यातही उपयोगी पडेल याची खात्री नाही. अंशांत दिलेला पडतो.

पॉप-आर: सर्वांत आधी हाच

रेबेलचा पी-६० हा अडीच इंची, ७ ग्रॅमचा पॉपर. पुढे खोलगट तोंड, मागच्या तिहेरी गळाला पिसांचा झुपका. वसंतातलं पहिलं टॉपवॉटर म्हणून आमची पसंती याला, आणि तीही बिनशर्त. कारण साधं आहे: जागा न सोडता काम करणारी आमिषं फार थोडी असतात. थंड पाण्यातला बास आमिषाकडे येईपर्यंत वेळ घेतो, आणि पॉप-आर तेवढा वेळ त्याच्या डोक्यावर थांबतो. थांबलेला असतानाही मागची पिसं पाण्यात हळूहळू फुलत-मिटत राहतात. बहुतेक धडका तेव्हाच बसतात, आवाजाच्या क्षणी नव्हे.

चालवायचा असा. आमिष पडलं की पाण्यावर उठलेली वलयं पूर्ण विरेपर्यंत हात लावू नका. मग रॉडचं टोक पाण्याकडे ठेवून लाइनमधली ढील ठेवूनच वीतभर टिचकी द्या. तोंडातून "टुप्" असा बारीक आवाज आणि पुढे चार थेंब, एवढंच हवं. लगेच टोक पुढे नेऊन ढील परत द्या आणि मोजायला लागा. १५ अंशांना मनात पंधरापर्यंत, १८ला पाच-सहापर्यंत, २१च्या पुढे दोन पुरे. पंधरा अंक म्हणजे पाण्यावर बसून फार लांब वाटतात. सातव्या अंकाला बोट शिवशिवतं. तिथेच दिवस हातचा जातो.

बिघडतं कुठे ते पाहा. ताणलेल्या लाइनवर झटका दिला की पॉपर "भॉक्" करून पाणी उडवतो आणि हातभर पुढे सरकतो. उन्हाळ्यात, लाटा असताना हे चालेलही. एप्रिलच्या काचेसारख्या पाण्यात, गुडघाभर खोलीवर असलेला मासा त्याने दचकून निघून जातो. दुसरं म्हणजे फ्लुरोकार्बन लाइन. ती पाण्यात बुडते, बुडताना पॉपरचं नाक खाली ओढते आणि थुंकणारा पॉपर डुबक्या मारू लागतो. मोनो (एकाच धाग्याची नायलॉन लाइन) किंवा ब्रेड (विणलेली लाइन) वापरा.

७ ग्रॅम वजन जाड बेटकास्टरवर (आडव्या फिरकीच्या रिळावर) नीट फेकलं जात नाही. साडेसहा-सात फुटी मीडियम स्पिनिंग रॉड, १५ किंवा २० पौंडी ब्रेड आणि पुढे हातभर १० ते १२ पौंडी मोनोचा लीडर (आमिषाआधीचा जोडतुकडा) ही जोडी बसते. नुसती ब्रेड थेट बांधली तर ती मऊ असल्यामुळे थांबल्या वेळी पुढच्या गळाभोवती गुंडाळते; लीडरचा ताठपणा ते टाळतो.

पिसांची काळजी घ्या. ओला पॉपर डब्यात टाकून झाकण लावलं की दोन आठवड्यांत पिसं चिकटून काडी होतात आणि गळ गंजतो. चिकटलेली पिसं किटलीच्या वाफेवर अर्धा मिनिट धरली की पुन्हा फुलतात. गळ बदलताना मात्र पिसांशिवायचा साधा गळ लावू नका. हा पॉपर निम्मा त्या झुपक्यावर चालतो.

उणीव एकच, पण ठळक: पाणी कापायला हा अतिशय हळू. मासे कुठे आहेत हे माहीत असेल तरच बांधावा. शोधायला निघाला असाल तर पुढचं आमिष घ्या.

झारा स्पूक: स्वच्छ पाणी, लांबचा मासा

१९३९ पासून बाजारात असलेलं आमिष आजही मान ताठ ठेवून आहे, यातच काय ते आलं. साडेचार इंची, २१ ग्रॅमची चिरुटासारखी नळी. तिला ना ओठ, ना पंखा, ना खोलगट तोंड. सगळी चाल मासेमाराच्या मनगटातून येते, त्यामुळे नवख्याला ती पहिल्या दिवशी मेलेल्या काठीसारखी वाटते.

चाल जमवण्यासाठी मधलं एकच पाऊल पक्कं करायचं. रॉडचं टोक खाली, लाइनला ढील, आणि त्या ढिलीवर छोटा ठोका. ठोका बसला की नाक डावीकडे वळतं. याच क्षणी टोक पुन्हा आमिषाकडे न्यायचं, म्हणजे लाइन सैल पडते आणि आमिष स्वतःच्या वजनाने तिरकं घसरत जातं. पुढचा ठोका ते घसरणं थांबता थांबता, नाक उजवीकडे. ठोका, ढील, ठोका, ढील. हँडल जेमतेम ढील गोळा करण्यापुरतं फिरतं. लाइन एकदाही ताठ झाली की स्पूक सरळ रेषेत ओढला जातो आणि नाक बुडवतो. गाठ घट्ट आवळून आमिषाच्या कडीवर बसवू नका. लूप गाठ मारा किंवा कडीत स्प्लिट रिंग घाला. नाकाला मोकळीक मिळाली की चाल अर्ध्या श्रमात जमते.

वसंतात याचे दोन वेगळे हंगाम आहेत. पहिला १३ ते १६ अंशांचा: स्वच्छ पाणी, खडकाळ टोकं, स्मॉलमाउथ आणि स्पॉटेड. इथे तीन-चार ठोके आणि मग लांब थांबा, पुन्हा तीन-चार ठोके. खाली तीन-चार मीटर पाणी असलं तरी हे मासे वर येतात, फक्त त्यांना वाटेत वेळ द्यावा लागतो. दुसरा हंगाम १८च्या पुढे, शॅडच्या विणीचा. तेव्हा न थांबता, तालात.

मोठा सुपर स्पूक पाच इंची, २५ ग्रॅमचा. त्याला तीन गळ. झाराला दोन. मासा आमिषाला मधूनच बाजूने धडकतो तेव्हा तो तिसरा गळ कामी येतो, पण काढताना बोटांत शिरायलाही तोच पुढे असतो, तेव्हा लांब नाकाचा चिमटा हाताशी ठेवा. वसंतातली शॅड लहान असेल तर साडेतीन इंची, १४ ग्रॅमचा सुपर स्पूक ज्युनिअर या दोघांपेक्षा उजवा. एकच घ्यायचा तर ज्युनिअर घ्या.

कुठे नापास? गवतात. उघडे तिहेरी गळ दर फेकीला मूठभर शेवाळ आणतात. सोसाट्याच्या वाऱ्यातही चाल मोडते. हलकी लहर असेल तर उत्तम.

व्हॉपर प्लॉपर: शोधाशोधीचा गडी

लॅरी डालबर्ग यांची ही रचना. शेपटीचा भाग स्वतंत्र फिरतो आणि फिरताना "प्लॉप प्लॉप प्लॉप" असा खोल आवाज काढतो. मनगटाची कला लागत नाही. फेका, सरळ गुंडाळा. म्हणून नवख्याला दिलेलं पहिलं टॉपवॉटर बरेचदा हेच असतं आणि ते बरोबरही आहे.

वसंतात अडचण निवडीची. दुकानात ११० हा आकार डोळ्यात भरतो: २८ ग्रॅम, दांडगा आवाज. १८ अंशांच्या आत तो जरा जास्तच होतो. ९० घ्या, १४ ग्रॅमचा. त्याचा आवाज बारीक, आणि तो हळू गुंडाळला तरी शेपटी फिरत राहते. "किती हळू?" याचं उत्तर कानाने घ्यायचं: प्लॉप वेगळे वेगळे मोजता आले पाहिजेत. सलग घरघर ऐकू आली तर वेग जास्त. पाणी १६-१७ असेल तर खांबाजवळ, फांदीजवळ पोचल्यावर गुंडाळणं थांबवा, दोन सेकंद आमिष तरंगू द्या, पुन्हा सुरू करा. पाठलाग करत आलेला मासा शेपटी पुन्हा फिरली रे फिरली की तुटून पडतो.

आवाज पसंत नसेल तर शेपटीचं पातं बोटांनी किंचित वाकवून सूर बदलता येतो. पण हेच पातं मऊ असल्याने डब्यात दाबून ठेवलं किंवा उन्हात तापलं की नको तसं वाकतं आणि आमिष एका बाजूला कलतं. कोमट पाण्यात धरून सरळ करा. दुसरी कटकट खास वसंतातली: गेल्या वर्षीचं कुजलेलं गवत आणि झाडांवरून पडलेला पिवळा पराग. शेपटीच्या सांध्यात गवताचा एकच दोरा अडकला की फिरणं बंद, आवाज बंद, आणि तुम्ही वीस मीटर नुसता लाकडाचा तुकडा ओढत असता. प्रत्येक फेकीनंतर शेपटी बोटाने एकदा फिरवून पाहा. परागाची साय असेल त्या कोपऱ्यात तर ब्रेडवरही त्याचा लगदा बसतो, आणि रॉडच्या गाइडमध्ये, म्हणजे लाइन जाते त्या कड्यांत, पिवळी पेस्ट जमून फेक आखूड पडते. फडक्याने पुसत राहण्यावाचून इलाज नाही.

किंमत पॉप-आरच्या जवळपास दुप्पट. शोधण्याचं काम करायचं असेल तर ती देण्याजोगी, आणि फक्त काठावरून लहान तळ्यात मासेमारी असेल तर नाही.

बझबेट: गढूळ पाणी, कोमट पाऊस

तारेच्या एका टोकाला फिरणारं पातं, दुसऱ्याला शिसं, गळ आणि त्यावर रबरी झालरीचा घागरा. तो तरंगत नाही; थांबलात की दगडासारखा तळाला. यातच त्याची मर्यादा आली: १५ अंशांच्या पाण्यात जे हवं असतं, म्हणजे थांबणं, ते याला येतच नाही. म्हणून स्वच्छ, थंड पाण्यात याला हात लावू नका. पण पाणी गढूळ असेल, १६च्या पुढे असेल आणि आभाळ भरून कोमट पाऊस पडत असेल, तर आम्ही बाकी सगळी आमिषं डब्यात ठेवून हेच बांधू. बऱ्याचदा मोठी, अंड्यांनी भरलेली मादी याच हवामानात वर येते.

१० ग्रॅमचा सर्वसाधारण कामाला पुरतो. आमिष पाण्याला टेकायच्या किंचित आधी हँडल फिरवायला सुरुवात करा, म्हणजे पातं पडता पडताच वर येतं आणि पहिला मीटर वाया जात नाही. काठालगतचा मासा त्याच पहिल्या मीटरमध्ये असतो. वेग इतकाच, की पातं पाण्यावर राहील. दोन पात्यांचा बझबेट अजून हळू चालतो, वसंतात तो थोडा उजवा. बझबेट एका बाजूला ओढ घेतो हे दोष समजू नका. त्या ओढीनेच तो धक्क्याच्या खांबाला घासवता येतो.

नवा कोरा बझबेट बहुधा गुळगुळीत फिरतो. पात्यामागचा रिव्हेट झिजून कुरकुरू लागला की त्याला खरी किंमत येते. म्हणून जुना, गंजका, किंचाळणारा बझबेट कोणी फुकट देत असेल तर नवा बाजूला ठेवून तो घ्या. मासे धडकून सुटत असतील तर मुख्य गळावर मागून दुसरा गळ ओवा आणि तो निसटू नये म्हणून वर रबरी नळीचा तुकडा चढवा.

विणीच्या दिवसांत

१६ ते २० अंशांच्या दरम्यान नर काठाजवळ शेपटीने तळ झाडून घरटं करतो, बहुधा मीटरभर पाण्यात. मादी अंडी घालून निघून जाते, नर राखणीला उरतो. हा काळ टॉपवॉटरला वाटतो तितका चांगला नाही. घरट्यावरचा नर भुकेला नसतो, चिडका असतो. इथे चालतात ती लहान प्रोपेलरवाली आमिषं: स्मिथविकचा डेव्हिल्स हॉर्स, दोन्ही टोकांना पंखे, किंवा हेडनचा टायनी टॉर्पिडो, मागे एकच पंखा आणि वजन ७ ग्रॅम. घरट्यापलीकडे फेका, वर आणून ठेवा, पंखा एकदा जेमतेम भुर्र करेल एवढंच हलवा, मग नुसते पाहत बसा. पंखे टिचकीने मोकळे फिरतात ना, ते आधी तपासा. वाकलेलं पातं आमिषाच्या अंगावर घासलं की पंखा नुसता पाण्याला अडतो.

राखणीचा नर गळाला लागला तर फोटोची हौस आवरून ताबडतोब, जिथे धरला तिथेच सोडा. तो नसलेल्या मिनिटाभरात ब्लूगिल नावाचे लहान मासे अंड्यांवर तुटून पडतात. काही ठिकाणी कायदाही आडवा येतो. न्यूयॉर्क राज्यात १ डिसेंबर ते १४ जून या काळात बास फक्त पकडून सोडायचा आणि तोही कृत्रिम आमिषावरच. जिथे जाणार तिथला नियम आधी वाचून निघा.

विणीनंतर: वसंतातला खरा टॉपवॉटर

खरं सांगायचं तर १५ अंशांची घाई ज्यांना असते ते बहुतेक इथपर्यंत येताना दमलेले असतात, आणि सर्वांत चांगले तीन आठवडे इथून सुरू होतात. तीन गोष्टी एकामागून एक, कधी एकत्र घडतात.

पहिली, पिल्लांची राखण. काठालगत, धक्क्याच्या सावलीत किंवा बुडक्या फांदीशी पाण्यात मूठभर काळसर धूर लोंबकळल्यासारखा दिसतो. नीट पाहिलं की तो धूर म्हणजे बोटाच्या पेरापेक्षाही लहान शेकडो पिल्लं असतात. नर त्यांच्या खाली किंवा बाजूला असतोच. पॉप-आर धुराच्या मधोमध टाकू नका. पलीकडे टाकून कडेला आणा आणि दोन टिचक्या द्या. राग असला की तिसरीची गरज पडत नाही.

दुसरी, शॅडची वीण. पाणी १८ ते २२ अंश असताना या चंदेरी माशांचे थवे पहाटे अंडी चिकटवायला गवताच्या कडा, दगडांचे बांध आणि तरंगत्या धक्क्यांचे पिंप गाठतात. खूण हीच, की काठाला चिकटून पाणी शिजत असल्यासारखं बुडबुडतं आणि तुमच्या आमिषामागे चार-दोन शॅड नाकं लावून येतात. स्पूक, बझबेट, पांढरा प्लॉपर, यांपैकी काहीही, पण काठाला समांतर. ऊन पाण्यावर नीट चढलं की तासाभरात सगळं शांत. इथे पहाट चुकली की दिवस चुकला.

तिसरी, ब्लूगिलची वीण, २१च्या पुढे. उथळ पाण्यात मधाच्या पोळ्यासारखी शेजारी शेजारी गोल घरटी दिसतात. मोठे बास त्या वस्तीच्या खोल बाजूच्या कडेला दबा धरतात. ब्लूगिलच्या रंगाचा पॉपर, नाहीतर बेडूक.

पोकळ बेडूक

स्प्रोचा ब्रॉन्झआय ६५ हा डीन रोहास यांच्या नावाशी जोडलेला बेडूक यात मापदंड मानला जातो: अडीच इंच, १४ ग्रॅम, पाठीला चिकटलेला दुहेरी गळ. वसंताच्या सुरुवातीला बेडकाचं काम नसतं, कारण त्याला लागणारं छत, म्हणजे कमळपानं आणि शेवाळाची गादी, अजून वर आलेलं नसतं. ते आलं की मात्र तिथे दुसरं काही फेकताच येत नाही. मधल्या काळात त्याचा उत्तम उपयोग धक्क्यांच्या खाली: चपटा फेकला की दगडाच्या भाकऱ्यांसारखा टप्पे खात सावलीत जातो, जिथे पॉपरचे गळ हमखास दोरखंडात अडकले असते.

डब्यातून काढल्यावर तीन कामं करा. रबरी पाय खूप लांब असतात, ते तिसऱ्या भागाने कमी करा. मासा नुसते पाय ओढून जाणं कमी होतं आणि बेडूक डावी-उजवी चालायला लागतो. दोन्ही गळांची टोकं चिमट्याने केसभर बाहेर काढा, पण अंगावेगळी होतील इतकी नाही, नाहीतर गवत धरतात. आणि शरीर दाबून गळ सहज उघडे पडतात ना ते पाहा. नवं रबर कडक असेल तर गरम पाण्यात पाच मिनिटं भिजवा. दर काही फेकींनी पोटातलं पाणी पिळून काढा, नाहीतर तो बूड टेकून बसतो.

याला ५० ते ६५ पौंडी ब्रेड, थेट गाठ, सात फुटी हेवी रॉड. बाकीच्या आमिषांचा मऊ रॉड इथे आणलात तर मासा गवतात घुसेल आणि तिथेच राहील.

हिसका, लाइन, रंग

टॉपवॉटरवर निसटलेल्या माशांपैकी बरेचसे माशाने सोडलेले नसतात, मासेमाराने त्यांच्या तोंडातून ओढून काढलेले असतात. पाणी फुटलं की हात आपोआप वर जातो. हिसका आवाजाला द्यायचा नाही, वजनाला द्यायचा. लाइन जड झाली, सरकू लागली, मग तिहेरी गळ असेल तर रॉड नुसता बाजूला झुकवत गुंडाळा. बेडूक असेल तर टोक खाली, ढील गुंडाळून घ्या आणि मग पूर्ण ताकद. थंड पाण्यातला मासा आमिष अनेकदा ओठांनीच धरतो, म्हणून १५-१६ अंशांना थांबणं आणखी गरजेचं.

चुकलेल्या माशासाठी दुसरा रॉड तयार ठेवा, त्यावर वजन न लावलेली मऊ स्टिकवर्म, म्हणजे काडीसारखी रबरी अळी. वलय विरायच्या आत तिथेच टाकून तिला आपसूक बुडू द्या. हा मासा पुन्हा वर येईलच असं नाही, पण खाली जाणारं तो बहुधा उचलतो.

स्पूक आणि ११० प्लॉपरला १५ ते १७ पौंडी मोनो, किंवा ३० ते ५० पौंडी ब्रेडपुढे हातभर २० पौंडी मोनो. रॉड टोकाशी मऊ हवा. तो धनुष्यासारखा वाकला तरच तिहेरी गळ तोंडात टिकतात.

रंगांवर लोक नको इतका वेळ घालवतात. मासा खालून पाहतो, त्याला पोट दिसतं. पाठीवरचं नक्षीकाम दुकानातल्या गिऱ्हाइकासाठी. हाडाचा पांढरट रंग बहुतेक सगळीकडे चालतो. गढूळ पाणी किंवा भरलं आभाळ असेल तर काळा, काचेसारखं पाणी आणि ऊन असेल तर पारदर्शक, ब्लूगिलच्या विणीत नारिंगी पोट. बस.

काय घ्यायचं आणि कोणत्या क्रमाने

पहिली खरेदी थर्मामीटर आणि पॉप-आर पी-६०, हाडाच्या रंगाचा. दुसरी सुपर स्पूक ज्युनिअर, पण तळ्याचं पाणी गढूळ असेल तर त्याऐवजी १० ग्रॅमचा काळा बझबेट. तिसरा नंबर ९० प्लॉपरचा, मोठ्या पाण्यात होडीने फिरणार असाल तर. बेडूक गवत वर येईपर्यंत घेऊ नका. तोवर त्या पैशात चांगले तिहेरी गळ घ्या आणि बोथट झालेले बदला. नखावर टोक हलकेच ओढून पाहायचं, घसरलं तर गळ गेला. बदलताना त्याच मापाचा आणि तेवढ्याच जाडीच्या तारेचा बसवा. पॉप-आरला मागे जड गळ लावला की शेपूट खोल बुडतं, तोंड आकाशाकडे वळतं आणि "टुप्" ऐवजी नुसती फुसकी हवा निघते. बसवल्यावर पाण्याच्या बादलीत ठेवून पाहा: तोंडाची खालची कड पाण्याला टेकलेली दिसली पाहिजे.